गिरणगावचा डफ

शाहिरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गड उभा राहतो. फेटा, अंगरखा, कमरेचा शेला आणि समोर अफजलखान. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले पोवाडा म्हणतात तो बहुधा प्रतापगडचा, नाही तर सिंहगडचा; आणि मी शिक्षक असल्यामुळे त्या बालशाहिरांना मिशा काढून देण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडेच आलेले आहे. त्यात वावगे काहीच नाही. अज्ञानदासाने अफजलवधाचा पोवाडा शिवरायांच्या हयातीत रचला, तुळशीदासाने तानाजीचा गायिला, आणि ही परंपरा जुनी आहे याचा आपल्याला अभिमान वाटावा हे योग्यच आहे. परंतु या गडाच्या सावलीत एक दुसरी शाहिरी आपल्या नजरेआड होते. ती गडावर जन्मली नाही. ती परळ, लालबाग, नायगाव, वरळी या भागांत, चाळींच्या मधल्या चौकात, गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात वाढली. तिचा नायक घोड्यावर बसत नाही. तो पाळी संपल्यावर पायी घरी येतो. मुंबई शहराने स्वतःचे म्हणून एखादे गाणे महाराष्ट्राला दिले असेल, तर ते हे, असे माझे मत आहे.

आता शहर आणि शाहीर यांचे नाते काही मुंबईपासून सुरू झालेले नाही. उत्तर पेशवाईत पुणे हे शाहिरांचे माहेरघर होते. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम ही नावे घरोघर ठाऊक आहेत. पण तेथे शाहीर सरदाराच्या वाड्यात गात असे. बिदागी देणारा एक आणि ऐकणारे अनेक. १८१८ साली राज्य गेले आणि वाडे ओस पडले. पोवाडे लोकांच्या तोंडी राहिले. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि अ‍ॅक्वर्थ साहेब यांनी ते गोळा करून १८९१ साली छापले नसते, तर त्यांतले कितीसे आपल्यापर्यंत पोचते कोण जाणे. तत्पूर्वी १८६९ साली जोतीराव फुले यांनी शिवाजीराजांचा पोवाडा रचून एक मोठी गोष्ट दाखवून दिली होती: पोवाडा म्हणजे केवळ स्तुती नव्हे, त्यातून वादही घालता येतो. गिरणगावच्या शाहिरीचे मूळ शोधावयाचे झाले तर मला ते वाड्यापेक्षा तेथेच सापडते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडाच्या गिरणीचा पाया घातला. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांची रांगच उभी राहिली, आणि साताऱ्याकडून घाटी व रत्नागिरीकडून कोकणी माणूस पोटासाठी मुंबईस येऊ लागला. तो एकटा येई. बायको-मुले गावी, आणि हा दहा-वीस गाववाल्यांबरोबर एका खोलीत. एकाने अंथरूण सोडावे आणि रात्रपाळीहून आलेल्या दुसऱ्याने त्यावर पाठ टेकावी. जेवण खानावळीत. अशा माणसाजवळ दोनच गोष्टी गावाकडच्या उरत: बोली आणि गाणे. कोकण्यांनी भजनाचे मृदंग आणले, नमन-खेळे आणले, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जबाब आणले. घाटावरच्यांनी ढोलकी, हलगी आणि डफ आणला. गावी जी गाणी डोंगराच्या दोन बाजूंना राहिली असती, ती येथे एका चाळीच्या दोन मजल्यांवर आली. एका खोलीत भजन, शेजारच्या खोलीत गवळण! ऐकणारा दोन्ही ऐकतो. मुंबईच्या शाहिराच्या चालीत मधूनच भजनाचा ठेका का सापडतो, याचे उत्तर मला तरी या भिंतींच्या पातळपणात दिसते.

पैसे देऊन पाहण्याचा तमाशाही मुंबईतच रुजला. ग्रँट रोडकडच्या ज्या भागात नाटकगृहे होती त्याला साहेब ‘प्ले हाउस’ म्हणे. आपल्या लोकांनी त्याचे ‘पिला हाऊस’ केले. या मुंबईला पठ्ठे बापूरावांनी वेड लावले. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८६६ चा, गाव रेठरे हरणाक्ष. कुळकर्णीपणाचे दप्तर टाकून हा ब्राह्मण गृहस्थ महार कलावंतांच्या फडात जाऊन राहिला, पवळाबाईंच्या जोडीने उभा राहिला आणि त्या काळात जातीने जी शिक्षा करावयाची ती सगळी त्याने सोसली. लाखो लोकांना रिझवून १९४५ साली पुण्यास ते गेले ते अगदी विपन्नावस्थेत.

बापूरावांनी मुंबईवर एक लावणी रचली. खेड्यातून आलेला माणूस प्रथमच हे शहर पाहतो आणि त्याचे डोळे दिपतात, असा तिचा थाट. रामायणातल्या त्या सोन्याच्या नगरीशी त्यांनी मुंबईची तुलना केली, तिचे रस्ते, तिच्या इमारती, तिची ऐट यांचे रसाळ वर्णन केले. लावणी उत्तमच आहे. तिच्यातला माणूस मात्र पाहणारा आहे. तो अजून या शहरात राबावयास लागलेला नाही. या लावणीला उत्तर मिळावयाचे होते, पण त्यास काही वर्षे जावी लागली.

मधल्या काळात गिरणी कामगार पुष्कळ शिकला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली रविवारची सुटी मिळाली. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने संप चालला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन, म्हणजेच लोकांच्या भाषेत लाल बावटा, बलिष्ठ झाला. सभेला हजारो माणसे जमत. व्याख्यात्याचे इंग्रजी वळणाचे मराठी त्यांच्या कानांवरून जाई. डफावर थाप पडली की तीच माणसे पुढे सरकत. सभा जमवावयाची तर आधी शाहीर उभा करावा, ही युक्ती पुढाऱ्यांना कोणी शिकविली नाही. ती त्यांना गर्दीने शिकविली.

याच काळात दुसरीकडून आणखी एक प्रवाह येऊन मिळाला. सत्यशोधकांनी तमाशाच्या साच्यात जलसे बसविले होते. १९३०च्या सुमारास भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी नाशिककडे आंबेडकरी जलसा उभा केला. ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी ढोलकी वाजविली, त्यांनी आता स्वतःच्या माणुसकीसाठी ती वाजविली. हा जलसा मुंबईच्या चाळींतूनही घुमू लागला. वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातले, मुंबईच्या बी. डी. डी. चाळीत राहत असताना मोठेपणी त्यांनी अक्षरे गिरविली आणि १९४३ साली पहिले गीत रचले. पुढे त्यांच्या गीतांची गणती करणे कोणाला जमले नाही.

आणि १९४४ साली लाल बावटा कलापथक निघाले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. तिघांचे तीन स्वभाव, आणि तिघे मिळून एक आवाज.

अण्णाभाऊ वाटेगावचे, जन्म १९२० चा. मातंग समाजात जन्मलेल्या या मुलाने दीड दिवसाची शाळा पाहिली आणि आईबापांबरोबर पायी चालत मुंबई गाठली. हमाली केली, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कँपात राहिले, आणि रशियात चाललेल्या लढाईच्या वार्ता ऐकून स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. वारणेकाठचा माणूस व्होल्गाकाठच्या शहराचा पोवाडा गातो, आणि परळचे श्रोते तो मन लावून ऐकतात! अमर शेख बार्शीचे. मेहबूब हुसेन पटेल हे पाळण्यातले नाव. आई मुनेरबीच्या तोंडची मराठी लोकगीते ऐकत हा मुलगा वाढला. मुसलमानाच्या घरातल्या ओव्या महाराष्ट्राच्या सर्वांत बुलंद शाहिराला घडवितात, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात मुद्दाम सांगतो. ती पाठ्यपुस्तकात असो वा नसो. गवाणकर हे तिसरे. त्यांचे नाव आज मागे पडले आहे, आणि तसे व्हावयास नको होते.

या कलापथकाने जुन्या तमाशाचे घर पाडले नाही, भाडेकरू बदलले. तमाशात प्रथम गण, म्हणजे गणेशाचे स्तवन. मग गवळण, त्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी आणि त्यांची वाट अडविणारा कृष्ण. मग बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी गण ठेवला, पण त्यात वंदन केले ते मायभूमीला, शिवरायांना आणि देशासाठी झिजलेल्यांना. गवळण काढून टाकली. वगात राजा-प्रधानाऐवजी सावकार, मालक, पुढारी आणि शेतकरी आले. सोंगाड्या मात्र तसाच राहिला, कारण खरे बोलण्याचा परवाना त्याच्याकडे पूर्वीपासूनच होता. अण्णाभाऊ याला तमाशा न म्हणता लोकनाट्य म्हणू लागले. ‘अकलेची गोष्ट’, ‘मुंबई कुणाची’ ही त्यांतली गाजलेली नावे.

वाद्ये तीच: डफ, तुणतुणे, ढोलकी, झांज. डफ हे गरिबाचे वाद्य. एक कडे आणि त्यावर ताणलेले कातडे, एवढाच त्याचा संसार. मुंबईच्या पावसाळ्यात हवा दमट झाली की कातडे सैल पडते आणि डफ ‘बसतो’. मग कागदाचा जाळ करून त्यावर तो शेकावा लागतो. झिलकऱ्यांची ‘जी जी रं जी’ ऐकून नवख्याला वाटते की ही नुसती साथ आहे. ती साथ नव्हे. माझे वडील एका गिरणीत साचेखात्यात होते आणि चाळीतल्या एका लहानशा पथकात झील धरीत असत. त्यांनी मला सांगितले होते की शाहीर जेव्हा श्वास घेतो तेव्हा झिलकरी गातो. झिलकरी चुकला तर शाहिराचा दम तुटतो आणि दम तुटला की लोक उठतात. ध्वनिक्षेपक नसलेल्या मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द कळला पाहिजे, यासाठी ही सगळी रचना. चौक संपला की दोन वाक्ये गद्यात, म्हणजे ऐकणाऱ्याला विसावा आणि गाणाऱ्याच्या गळ्यालाही. वडिलांचा सूर नेहमी एक पट्टी वर असे. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे ओरडून बोलावे लागले म्हणून तसे झाले, असे आई म्हणे. गिरणगावच्या सगळ्याच शाहिरांचे गळे असे टिपेला का लागलेले असतात, याचे हेही एक कारण असावे असे मला उगीचच वाटत आले आहे.

आता ते उत्तर. अण्णाभाऊंनीही मुंबईची लावणी रचली. नाव तेच, शहर तेच. पण येथे गाणारा माणूस मलबार हिलकडे खालून पाहतो. वर देवांना शोभेल अशी वस्ती, आणि खाली परळात घामाने भिजून तिला जगविणारी माणसे. एकाच शहरातल्या या दोन शहरांचा हिशेब ते मांडतात, आणि लावणीचा ठसका कोठेही न सोडता मांडतात. काही विद्वान या दोन लावण्या समोरासमोर ठेवून एकीला खरी आणि दुसरीला खोटी ठरवितात. मला ते पटत नाही. बापूरावांनी पाहिलेली झगमगही खरीच होती. त्या झगमगीला भुलूनच तर आमचे आजे-पणजे बोटीत बसले. अण्णाभाऊंनी सांगितले ते बोट धक्क्याला लागल्यानंतरचे.

१९४७-४८च्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. हजारो कलावंतांची चूल विझली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली, संहिता तपासून घेण्याची अट आली आणि फड पुन्हा उभे राहिले. कलापथकाचे दुखणे निराळे. त्यांच्या गाण्यात शृंगार नव्हता; पण सरकारला त्या गाण्याचे भय शृंगारापेक्षा अधिक वाटले. कार्यक्रमांवर बंदी आली, धरपकड झाली. शाहीर भूमिगत होऊन गात राहिले. एका चाळीत गावे आणि पोलीस येण्यापूर्वी दुसऱ्या चाळीत जावे. चाळीची रचनाच अशी की पळणाऱ्याला जिने पुष्कळ!

मग आले संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पुढे या लढ्यात शंभरांहून अधिक माणसे हुतात्मा झाली. १९५६च्या नोव्हेंबरात द्वैभाषिक राज्य आले. या पाच वर्षांत शाहिरांनी गाजविली नाही अशी सभा नाही. अमर शेख, गवाणकर, आत्माराम पाटील, शाहीर साबळे. कोणाचा पक्ष कोणता हे विचारण्याची तेव्हा कोणाला सवड नव्हती. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड तेव्हाचीच. ती प्रथम ऐकणाऱ्याला वाटते, हे बायकोला गावी सोडून मुंबईस आलेल्या गड्याचे विरहगीत आहे. आणि ते तसे आहेच. तिचे रूप, तिचा स्वभाव, निघतानाचे तिचे रडणे, मग मुंबईतली वणवण. कामगार तल्लीन होऊन ऐकत असतो, कारण प्रत्येकाची मैना गावावर राहिलेली असते. आणि त्याला कळण्यापूर्वीच गाणे वळण घेते. बेळगाव, कारवार, निपाणी हा दुरावलेला मुलूख म्हणजेच ती मैना होते. प्रत्येकाच्या अंगावरचे खासगी दुःख उचलून ते सर्वांच्या मागणीत ओतावयाचे, आणि तरीही ते खासगीच ठेवावयाचे, हे काम मोठमोठ्या कवींना साधलेले नाही. मी कादंबऱ्या लिहितो. दोनशे पानांत मला जे जमले नाही ते येथे एका छकडीत आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज घेऊन ‘जय जय महाराष्ट्र माझा’ घरोघर पोचले. २०२३ साली ते राज्यगीत झाले. मैना मात्र पुरती घरी आली नाही, आणि ते गाणे म्हणूनच अद्याप म्हटले जाते.

१९६९ हे वर्ष वाईट गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, २९ ऑगस्टला अमर शेख मोटार-अपघातात गेले. मध्ये अवघे बेचाळीस दिवस. तोवर गिरणगावचे वारेही फिरले होते. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि लालबाग-परळच्या चौकांत लालच्या शेजारी भगवा फडकू लागला. शाहीर साबळ्यांच्या ‘आंधळं दळतंय’ या लोकनाट्याने मुंबईतल्या मराठी माणसाच्या मनातली सल बोलकी केली, असे पुष्कळ जाणकार सांगतात. नायगावात जन्मलेले विठ्ठल उमप निळ्या झेंड्याखाली गात होते आणि पुढे ‘जांभूळ आख्यान’ घेऊन जगभर गेले. २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवरच्या व्यासपीठावर त्यांनी देह ठेवला. लाल, निळा, भगवा. बावटे तीन आणि डफ तोच. कित्येकदा वाजविणारा माणूसही तोच असे. याला कोणी बेइमानी म्हणेल. मी म्हणत नाही. चाळीत राहणाऱ्या माणसाची दुःखे तीन झेंड्यांत वाटली गेली होती, तर त्याचे गाणे तरी एकाच झेंड्याखाली कसे राहावे?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. हा संप रीतसर कधी मिटलाच नाही. तो विरत गेला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. माझे वडील वर्षभर वाट पाहून साताऱ्याकडे गावी परतले. मी त्यानंतर जन्मलो, त्यामुळे चाळीतले ते पथक मी पाहिले नाही. मी पाहिला तो खुंटीवरचा डफ. यात्रेच्या तमाशात गावची माणसे त्यांना आग्रह करीत, आणि ते म्हणत, ‘अरे, आमचं गाणं पाळी सुटल्यावरचं. इथं पाळी कुठली सुटतीय?’ तेव्हा मला तो हेकटपणा वाटे. पुढे ध्यानात आले की त्यांनी शाहिरीच्या इतिहासावरचे एक मोठे विधान केले होते. ही शाहिरी गावातून आली खरी, पण गावी परत जाऊ शकत नव्हती. तिला भोंगा हवा होता, चौक हवा होता, आणि दमून आलेली, झोपेपूर्वी तासभर कोणीतरी आपल्याविषयी बोलावे अशी इच्छा असलेली हजार माणसे हवी होती.

आज फिनिक्स आणि कमला या गिरण्यांच्या जागी मोठाली दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. अण्णाभाऊंचे टपाल तिकीट २००२ साली निघाले, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. मान मिळाला, फार उशिरा मिळाला. गाणे मात्र पुतळ्यांच्या भरवशावर बसलेले नाही. २०१४च्या ‘कोर्ट’ चित्रपटाचा नायक मुंबईचा एक म्हातारा लोकशाहीरच आहे, आणि त्याची गाणी रचली ती याच परंपरेतल्या संभाजी भगत यांनी. झोपडपट्टीतली पोरे हल्ली रॅप म्हणतात, तेही ठेक्यावर बोललेले गद्यच; आमच्या शाळेतल्या एका मुलाने मला विचारले, ‘सर, पोवाड्यात मधे जे बोलतात, ते हेच ना?’ मी त्याला पुढच्या स्नेहसंमेलनात झील धरावयास उभा केला आहे. गडाचा पोवाडा आहे, मिशाही आहेतच. पण मधला एक चौक या वर्षी लालबागचा आहे.

आणि दर ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पुस्तकांच्या आणि तसबिरींच्या दुकानांच्या गर्दीत, कोणीतरी डफ घेऊन उभा असतो. त्याच्याभोवती कडे पडते. पुढे बसलेल्या बायका पदराने वारा घेत असतात, आणि मागची माणसे टाचा उंचावून पाहतात. शाहीर श्वास घेतो, आणि कोणी न सांगता त्या कड्यातलेच चार-सहा जण झील उचलतात.